येते हं

गुरुग्रामच्या एका सोसायटीमागे शेकडो वर्षांपूर्वी उठून गेलेलं एक गाव आहे. उन्हं कलली की तिथल्या गवतात घरांचे मातीचे चौकोन उठून दिसतात.

या सोसायटीत मुलाकडे राहायला आल्यापासून कौसल्याबाईंना शेजारपाजारी कुणी "आत या" म्हटलं नव्हतं. त्या रोज संध्याकाळी एका चौकोनाबाहेर चपला काढायच्या आणि आत जाऊन घटकाभर टेकायच्या.

आज उठताना त्या सवयीनं म्हणाल्या, "येते हं."

घरी सुनेनं दार उघडलं आणि ती बघतच राहिली.

"आई, कुंकू कुणी लावलं?"

नवरा गेल्यापासून ते कपाळ मोकळंच होतं. त्यांनी बोट लावलं. कुंकू ओलं होतं.

स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघून त्या हसल्या.

"चपला तिथंच राहिल्या गं. जायलाच हवं."