गॅलरीचे गज

बिल्डरने दाखवलेल्या थ्रीडी मॉडेलमध्ये आमच्या गॅलरीचे गज चांगले दाट होते. ताबा घ्यायला गेलो, तर त्यांच्या फटीतून माझ्या दीड वर्षाच्या चिऊचं डोकं सहज बाहेर गेलं. मजला सातवा! मी तिला झटकन मागे ओढलं.

तक्रारीनंतर आर्किटेक्ट, इंजिनिअर, ठेकेदार असे सगळे एकाच व्हिडिओ कॉलवर आले.

"ताई, तुमचं बरोबर आहे. मॉडेल आणि बांधकामात फरक पडलाय," इंजिनिअर म्हणाला. "आजच्या आज दुरुस्ती करतो."

"बघ, उगाच जीव टांगणीला लावून घेतलास," नवरा हसला.

संध्याकाळी मेसेज आला, 'तक्रार निकाली. आता फरक नाही.' मी घाईघाईने सोबतच्या लिंकवरचं मॉडेल उघडलं.



त्यातलेही गज आता तेवढेच विरळ होते.