केसाएवढ्या रेघा

“हे नको,” म्हातारा पाथरवट म्हणाला आणि मुलीनं आणलेला कागद त्यानं तिच्याकडे परत सरकवला.

कागदावर तिच्या आईचं नाव होतं. ठसठशीत, सगळीकडे सारख्या जाडीचं, दगडात शंभर वर्षं टिकेल असं. मुलगी मासिकाच्या कचेरीत अक्षरमांडणी करायची, पण थडग्याच्या दगडावर काय टिकतं हे तिला बापानंच शिकवलं होतं.

आता त्यालाच तिच्या मासिकाच्या मुखपृष्ठावरचं अक्षर हवं होतं. उभी रेघ जाडजूड, आडवी केसाएवढी, टोकांना तशाच बारीक पट्ट्या. मोठं दिमाखदार अक्षर. अत्तराच्या बाटलीवर शोभतं, लग्नपत्रिकेवर शोभतं, मासिकाच्या नावात तर मिरवतं. लहान आकारात छापलं की मात्र आधी त्याचे केस गळतात. दगडात त्याहून वाईट. दहा-बारा वर्षांच्या पावसापाण्यानं बारीक रेघा बुजतात आणि उरतात नुसते खांब.

हेच सांगून त्यानं आजवर कितीतरी गिऱ्हाइकं माघारी पाठवली होती. एका श्रीमंत विधुराला तर तोंडावर ऐकवलं होतं, की असलं नटवं अक्षर पत्रिकेवर छापा, माझ्या दगडाला नको. विधुर रागावून गेला आणि आठवड्यानं मुकाट्यानं परत आला. म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळा बाजार म्हणायचा.

मुलीला वाटलं, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. आई जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वाढलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. काहीच वाटत नाही गं, असं एकदा त्यांनी तिला सांगितलं होतं, चोरी कबूल करावी तसं. दर रविवारी ती त्यांना आईपाशी घेऊन जायची. बाकीचे लोक तिथं रडत, बोलत, फुलं बदलत. बाबा मांडीवर हात ठेवून बसायचे आणि पाच मिनिटांत चल म्हणायचे. तिला त्यांचा राग येई, मग स्वतःचा येई.

तिनं पुन्हा समजावून पाहिलं. मुखपृष्ठ दर महिन्याला बदलतं, दगड बदलत नाही, हेही सांगितलं. छिन्नीची धार त्यानं अंगठ्यावर पाहिली.

“बाबा, दहा वर्षांत आईचं नाव पुसून जाईल. तुम्हीच सांगता ना?”

“एकदम नाही जात. दर वर्षी थोडं थोडं बुजतं,” तो म्हणाला. “तेवढं कोरायला मी हत्यारं घेऊन जाईन. तिच्याजवळ नुसतं बसायला मला जमत नाही गं.”