मोगरीची भीती

"चाळीस वर्सं माळ तुडवून माझी कंबर मोडली, तिला कुणी इचारलं न्हाई. कुत्रीच्या कंबरंला मात्र मशीन!" वालूबाई मोगरीच्या कानाशी पुटपुटली.

मेंढवाड्याजवळ बसून डॉक्टर संपदा पडद्यावर मोगरीची हाडं बघत होत्या. "मावशी, हिच्या रक्तातच खोट आहे. त्यात भित्री. आज नसबंदी करून टाकू. आमच्या सुधारित जातीची कंबर पक्की आणि जनुकांतून भीतीच काढलेली. ती कुत्री उगाच भुंकत नाहीत."

"कंबरंचं खरं हाय." मोगरीची मागचे पाय ओढत मेलेली दोन पिल्लं वालूबाईनंच पुरली होती. "तेवढं सुधारा की. पण हिची भीती आमाला पायजे. हिचा वेल मी खुडू देनार न्हाई." तिनं मोगरीला पदराखाली घेतलं.

"भीती कशाला हवी?" डॉक्टर हसल्या. "बरं, आम्ही दिलेली तिन्ही कुत्री कुठं आहेत?"

"मेंढरांसंगं चरायला गेलीत," वालूबाईचा दीर घाईनं म्हणाला. मेंढरं सगळी वाड्यातच उभी होती.

वालूबाईचा नवरा सिदूबा पुढं येऊन बसला. त्या कुत्र्यांचं कौतुक गावोगाव त्यानंच सांगितलं होतं. त्यानं फेटा उतरवून गुडघ्यावर ठेवला.

"लांडगा आला की मोगरी भिऊन केकाटती, मग आमी काठ्या घिऊन उठतो. तुमची कुत्री न भुकता एकेकटी त्याच्या अंगावर गेली, मॅडम. तिन्ही मेली. निरोगी व्हती तिन्ही."