पुलावरची गर्दी

साडेपाचला तिने लॅपटॉप मिटला, चपला टेबलाखाली सरकवल्या आणि पाय समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवले. कंपनीने नदीपलीकडचं ऑफिस बंद करून तिला या भाड्याच्या को-वर्किंग ऑफिसात जागा दिली, त्याला तीन महिने झाले होते. इथून घर हाकेच्या अंतरावर. घरी मात्र तिने अजून सांगितलं नव्हतं. सातपर्यंत ती इथेच बसे. काही करत नसे. एवढा वेळ तिला कोणी हाक मारत नसे.

काचेबाहेरचा रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. फुटपाथवर भाजीची पिशवी घेऊन सासूबाई उभ्या होत्या.

नजरानजर झाली. पाय खाली घ्यायचंही तिला सुचलं नाही. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पायांकडे, मग मिटलेल्या लॅपटॉपकडे. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्या चालू लागल्या.

लगेच उठावं की नाही, ते तिला ठरवता येईना. शेवटी ती घरी पोचली ती सातलाच.

नवरा घरूनच काम करायचा. आता तो सोफ्यावर पसरून बातम्या पाहत होता.

"बघ, रस्ते मोकळे झाले म्हणतात. निम्मी ऑफिसं घरांजवळ आली, वेळा बदलल्या. तुलाच कसे रोज सात वाजतात?"

ती चपला काढत राहिली. उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

"पुलावर अडकली असेल."

"अगं आई, पूल रिकामा दाखवतायत."

"दाखवणाऱ्यांचं काय जातंय? त्यांना कुठे घरी येऊन कुकर लावायचाय?"

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही.

"उद्यापासून संध्याकाळी मी भाजीला जात जाईन. यायला सात वाजतील. कुकर तू लावत जा."

"मी?" नवरा उठून बसला. "आणि सात कशाला वाजतील? भाजीवाला कोपऱ्यावर तर बसतो!"

"ट्रॅफिक असतो," सासूबाई म्हणाल्या.

त्याने बायकोकडे पाहिलं.

"असतो रे," ती म्हणाली. "त्या वेळेला तर फारच असतो."