साडेतीन तासांवर

बाबाजानचा जनाजा अंगणात तयार होता. काष्टीची माणसं टोप्या घालून सकाळपासून ताटकळली होती, आणि मुल्लाजींनी पुन्हा एकदा घसा खाकरला.

"मयताला असं थांबवू नये, चांदभाई."

"भाईची तार आलीय ना. सकाळच्या इमानानं येतो, थांबा म्हनलाय," चांदभाई म्हणाला. स्वतःच्याच बोलण्याची त्याला चीड आली.

थोरला खाजाभाई कराचीत कापसाची दलाली करत होता. मागल्या ईदला येऊन सांगून गेला होता, की कराची आता लांब राहिली नाही, विमानानं मुंबई अवघी साडेतीन तास. झालं, म्हाताऱ्या बाबाजाननं ते गावभर केलं. बाजाराच्या दिवशी अनोळखी माणसाला धरून ऐकवायचा, की बैलगाडीनं श्रीगोंदा गाठायला याहून जास्त वेळ लागतो. पुढं दम्यापायी त्यानं अंथरूण धरलं. दोन महिने चांदभाई तार करतो म्हणत होता आणि दोन महिने बाप नको म्हणत होता.

"साडेतीन तासाचं तर काम. कशाला त्येचा धंदा बुडवायचा? येळ आली की बोलवा. कबरीत मला त्येच्याच हातानं उतरवा."

कापूस पिंजायचा धंदा बंद ठेवून जो चांदभाई त्याचं हगणंमुतणं काढत होता, त्याच्याच तोंडावर हे बोलला. बहिणीला, जरीनाला तर कुणी बोलावलंच नव्हतं. बाप खोकतोय एवढं कानावर आलं, तशी ती सुप्याहून बैलगाडीनं आली आणि उशाशी बसून राहिली.

काल दिवस बुडताना बाबाजान गेला.

आता ऊन कललं. साडेतीन तासांचा हिशेब साऱ्यांनी केला होता. मुंबईपासून काष्टीपर्यंतची आगगाडी त्यात धरायचं कुणालाच सुचलं नाही, रोज तिची शिट्टी ऐकणाऱ्या माणसांनासुद्धा. मुबारकबी दारात बसून सारखी आभाळाकडं बघत होती. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली, तेव्हा तिनं नजर खाली आणली आणि नवऱ्याच्या कफनावरची माशी हाकलली.

"उचला," ती म्हणाली.

कबरीत चांदभाई उतरला. बाप हातात आला तो गादीतल्या कापसाएवढा हलका. एवढ्याशा ओझ्यासाठी याला दुसऱ्याचे हात हवे होते, असं मनात आलं आणि इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं.

माती लोटून माणसं हात झटकत होती, तेवढ्यात स्टेशनाच्या वाटेनं खाजाभाई पळत आला. अंगात कोट, गळ्यापर्यंत घाम.

"विमान अगदी वेळेवर आलं रे," तो धापा टाकत म्हणाला. "दौंडला गाडीनं घात केला. घटकाभर तरी थांबायचं."

चांदभाईनं फावडं खाली ठेवलं.

"अब्बा थांबले हुते, भाई. दोन म्हैने."

खाजाभाईनं वाकून मूठभर माती उचलली आणि कबरीवर टाकली. खाली जायला तिला वाट राहिली नव्हती. ती वरच पडून राहिली.