पेन्सिलीची ओळ

करंड्याचं झाकण टक्कन वाजलं. खोलीत तेवढाच आवाज झाला. सरू पिशवीत कागद भरत होती, तिचे हात थांबले.

"कौशे, काय काढतीस देवाजवळचं?"

"काय न्हाई."

सात वर्षांची कौशी बाहेर आली. फ्रॉकच्या खिशावर तिनं हात दाबून धरला होता. सरूनं पुढं विचारलं नाही. शिरूरची एसटी चुकली असती. त्या करंड्याला तिनं चौदा महिने हात लावला नव्हता. दौंडच्या रेल्वे यार्डात डबे जोडताना नवरा गेला, त्या दिवसापासून. कौशीच्या कपाळाला बाटलीतलं गंध चालायचं.

सरू सरकारी नर्स. राहायला कोरेगाव भीमाला, एका खोलीत. वढू, सणसवाडी, मधल्या वस्त्या, सगळं पायी. कुठं बाळंतीण अडलेली, कुठं लसीला पोरं लपवलेली. परत यायला दिवेलागण होऊन जायची आणि कौशी दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली दिसायची. कधी तशीच झोपलेली.

दिवाळीत दौंडहून सासरे आले होते. त्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "पोरीला आमच्याकडं राहू दे. पोर काय दगडाची हाय?"

आबांचं चुकत नव्हतं. ती म्हणाली होती, "आबा, गाडी घेतली तर? फटफटी. उजेडातच घरी येईन."

"घे की. जूनात शाळा सुरू व्हायच्या आत घे. न्हाईतर पोर आमची."

सत्त्याहत्तर सालचा जून लागला होता. शाळा सोमवारी होती. आज शनिवार.

शिरूरला शंकररावांच्या गाड्यांच्या एजन्सीत निळी मोपेड उभी होती. कौशी तिच्या दिव्यात वाकडंतिकडं तोंड बघत बसली. शंकररावांनी सरूला खुर्ची दिली. एकदा तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं. मग कानामागची पेन्सिल काढून टाइप केलेल्या यादीच्या तळाशी काहीतरी लिहिलं आणि कागद पुढं सरकवला.

"गाडीची किंमत येगळी. हे वरचं येगळं."

किंमत देऊन सरूकडं पंचवीस रुपये उरत होते. त्यातच पेट्रोल. तिनं यादीवर बोट ठेवलं.

"आरसा कशाला?"

"मागचं दिसाया."

"मागचं नाही बघायचं मला. खोडा."

शंकररावांनी तिच्याकडं पाहिलं आणि खोडलं.

"हे गार्ड कशाला?"

"पडला तर पाय वाचतो, ताई."

"ट्रेनिंगला तीन वर्षं सायकल चालवलीय. पडायला मला सवड नाही. खोडा. आणि सीटला कव्हर आहे की. कव्हराला कव्हर कशाला?"

कौशीला हसू आलं. ती दिव्यापाशीच पुटपुटायला लागली, "कशाला? कशाला?"

"फॉरवर्डिंग म्हणजे काय?"

"गाडी पुण्याहून हितं आणली, त्येचं."

"किंमत शिरूरची सांगितलीत ना? मग ती इथवर आल्यावरचीच झाली. हे कशाला?"

"नर्सबाई, तुम्ही इंजेक्शन बी आसंच टोचता का?"

"दुखलं का?"

"दुखलं की." शंकरराव हसले. तेही खोडलं.

कौशी येऊन आईच्या खुर्चीला टेकली. आई जिंकत होती. कितीतरी महिन्यांनी आईचा आवाज असा भरलेला होता. सरूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. सोमवारी ही कोरेगावातच शाळेत जाईल, संध्याकाळी उंबऱ्यात बसणार नाही, एवढं तिला दिसलं. मग तिनं शेवटच्या ओळीवर बोट आणलं.

पेन्सिलीनं लिहिलं होतं, ओवाळणे, दहा.

सरूचं बोट तिथंच राहिलं. तोंडापर्यंत आलेलं 'कशाला' बाहेर पडलं नाही.

दुकानाच्या मागच्या दारात बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर झाकलेलं तबक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती सरूकडं बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती.

शंकररावांनी आवाज खाली आणला. "लोकांच्या घरची बाई ओवाळती, ताई. म्हणून यादीत टाइप केलेलं न्हाई त्ये. पर नव्या गाडीला सवाशीण लागती. तुम्ही गाडी ठरवून गेलात, तवाच तुमच्यासाठी ह्या सोजराकाकींना निरोप धाडला. बाकी काय बी खोडा."

"नाही," सरू म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

तिनं पिशवीत हात घातला. पेट्रोलातले दहा काढले. नोट टेबलावर ठेवताना ती खाली बघत होती.

कौशीनं नोटेकडं पाहिलं, मग आईकडं. एवढा वेळ एक रुपया सोडला नव्हता आईनं. तिनं फ्रॉकच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. चिमूटभर कुंकू होतं. चार तांदळाचे दाणे, एक वात. कुंकवानं तिची बोटं लाल झाली होती.

"आमच्याकडं हाय की सगळं," ती शंकररावांना म्हणाली. अगदी आईसारखं, मान ताठ करून. शंकरराव हातातल्या पेन्सिलीकडं बघत राहिले. बाकावरच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

कौशीनं पुडी आईपुढं सरकवली.

"आई, गाडी तुझी हाय. तू ओवाळ की. त्यांना दहा रुपये कशाला?"