एका दिवसाचं पाणी

"काका, एक आकडा टाका आणि मोकळे व्हा." बंदराचे साहेब हात जोडायचेच बाकी होते. "आदल्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा, मधला काढा. कोण बघतंय?"

काकांनी पेनाला टोपण लावून टाकलं. बंदरावर त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. रोज सकाळी सातला धक्क्याच्या खांबावरच्या खुणा बघायच्या आणि पाणी कुठवर आलं ते वहीत लिहायचं, एवढीच त्यांची नोकरी. तीस वर्षं झाली. तापात गेले, वादळात गेले. फक्त पहिल्या वर्षातली एक ओळ कोरी होती.

"त्या दिवशी मी पाणी बघितलंच नाही, साहेब. समुद्राच्या तोंडी माझा आकडा कसा घालू?"

"अहो, धूर सोडला श्रीमंत देशांनी, पाणी शिरतंय आपल्या घरांत आणि पुरावा मात्र आपण द्यायचा! तोही तीस वर्षांचा, सलग. नाहीतर वस्ती मदतीच्या यादीतून बाद. तुमचं घर कुठे आहे?"

घर त्याच वस्तीत होतं. पहिल्या रांगेत. मोठ्या भरतीला पाणी आता उंबऱ्यापर्यंत यायचं.

तेवढ्यात आंतरराष्ट्रीय समितीच्या शास्त्रज्ञ बाई आल्या. यादी त्याच ठरवणार होत्या. तासभर त्या वह्या चाळत राहिल्या. साहेबांचा जीव टांगणीला लागला. शेवटी बाईंचं बोट कोऱ्या ओळीवर थांबलं.

"ही जागा रिकामी का?"

"बघितलं नाही, म्हणून लिहिलं नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र हसल्या.

"कालच्या बंदरात एकही ओळ रिकामी नव्हती. तीस वर्षं, एकच पेन, एकच शाई. मी तशीच उठून आले. एका दिवसानं आमचं अडत नाही, खोट्या आकड्यानं अडतं. तुमच्या वह्या मी समितीपुढे ठेवणार."

आणि त्यांनी यादीत वस्तीचं नाव लिहिलं. साहेबांनी आनंदाच्या भरात शिपायालाच मिठी मारली. मग गडबडून त्याला चहा आणायला पिटाळलं.

निघताना बाईंनी हळूच विचारलं, "त्या दिवशी घरातलं कुणी गेलं होतं का?"

"छे छे. बायको गेली ती दोन वर्षांपूर्वी. त्या दिवसाची नोंद आहे." काकांनी शेवटची वही उघडून दाखवली. अक्षर हललं होतं, आकडा स्पष्ट होता. "तिचं शेवटपर्यंत एकच म्हणणं, आधी पाणी बघून या."

"मग हा दिवस?"

काकांचे कान लाल झाले.

"त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं लग्न झालं होतं," ते म्हणाले. "सकाळचे सात कधी वाजून गेले, कळलंच नाही."